बेचाळीस अंशांच्या खोलीत लॅपटॉपचा कूलिंग पॅड: एक आढावा

लॅपटॉपखाली पंखेवाला कूलिंग पॅड घ्यावा का, हा प्रश्न पुण्याच्या वातानुकूलित कचेरीत विचारला तर त्याचं उत्तर वेगळं येतं. हिंगोली जिल्ह्यातल्या पुसेगावात मे महिन्याच्या दुपारी, पत्र्याच्या छताखाली विचारला तर वेगळं येतं. हे पुसेगाव म्हणजे साताऱ्याकडचं सेवागिरी महाराजांचं पुसेगाव नव्हे. हे सेनगाव तालुक्यातलं, सोयाबीन, हळद, कापूस आणि तुरीच्या पट्ट्यातलं गाव. या पट्ट्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि लाट आली की बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत अशा गावांमध्ये लॅपटॉप घरोघरी नसला तरी गल्लोगल्ली पोचला. सातबारा आणि फेरफार ऑनलाइन झाले तेव्हा तलाठ्याच्या हाती तो आला. सेवा केंद्रचालक त्यावर दाखले आणि पीकविम्याचे अर्ज भरतात, आणि जुलैअखेर मुदत जवळ आली की रात्री उशिरापर्यंत बसतात. लग्नसराईतले फोटोग्राफर त्यावर चित्रीकरणाची जुळणी करतात. नीट आणि सीईटीची तयारी करणारी मुलं तासन्‌तास व्याख्यानं बघतात. २०२० च्या टाळेबंदीत पुण्या-मुंबईहून नोकरीसकट गावी आलेल्या तरुणांनी तर अख्खा उन्हाळा घरच्या खोलीत लॅपटॉपवर काढला. या सगळ्यांची तक्रार सारखी असते: मशीन तापतं, पंखा घोंघावतो, काम मंदावतं. मग कोणीतरी सुचवतं, कूलिंग पॅड घे.

पाचशे रुपयांपासून दहा हजारांपर्यंत पॅड मिळतात. त्यांची परीक्षणंही भरपूर आहेत, पण ती जवळजवळ सगळी थंड खोलीत झालेली असतात. ऑस्ट्रेलियातल्या जॅरॉड्सटेक या गेमिंग लॅपटॉपच्या चाचण्यांसाठी नावाजलेल्या यूट्यूब वाहिनीचं काम पाहा. तिथे चाचणीच्या खोलीचं तापमान प्रामाणिकपणे सांगितलं जातं आणि ते २१ अंशांच्या आसपास असतं. त्या खोलीत मिळालेला निकाल आपल्या खोलीत तसाच लागू होतो का, हे तपासणं हा या आढाव्याचा हेतू आहे.

उष्णता येते कुठून, जाते कुठे

लॅपटॉप जेवढी वीज घेतो ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. साध्या कार्यालयीन लॅपटॉपचा प्रोसेसर सलग कामात साधारण १५ वॉट घेतो. गेमिंग लॅपटॉपमध्ये प्रोसेसर ४५ वॉट किंवा जास्त घेतो, आणि ग्राफिक्सची चिप एकटीच शंभर वॉटच्या वर जाऊ शकते. पहिल्याला ६५ वॉटचा अडॅप्टर पुरतो, दुसऱ्याला १८० ते ३३० वॉटचा लागतो. म्हणजे दोन्ही लॅपटॉप दिसायला एका जातीचे असले तरी उष्णतेच्या हिशेबात त्यांच्यात कितीतरी पटींचं अंतर आहे. पॅडचा विचार करताना हे अंतर आधी लक्षात घ्यायला हवं.

चिपवर तांब्याची बंद नळी बसवलेली असते. तिच्यातला थोडासा द्रव चिपजवळ वाफ होतो, नळीच्या दुसऱ्या टोकाला पुन्हा द्रव होतो आणि उष्णता तिथल्या पातळ पात्यांच्या जाळीत सोडतो. लॅपटॉपचा आतला पंखा बहुधा तळाच्या फटींतून हवा ओढतो आणि या पात्यांमधून बिजागरीच्या बाजूने किंवा कडेने बाहेर फेकतो. या सगळ्या मार्गात शेवटी उष्णता घेणारी असते ती खोलीतली हवा. काम तेवढंच असेल आणि पंखा त्याच वेगाने फिरत असेल, तर चिप खोलीपेक्षा ठरावीक अंशांनी जास्त गरम राहते. खोली दहा अंशांनी तापली की चिपही साधारण तेवढ्याच अंशांनी वर जाते.

वर जाण्याला मात्र हद्द असते. इंटेलच्या बहुतेक लॅपटॉप प्रोसेसरांची कमाल मर्यादा १०० अंशांच्या जवळ असते, एएमडीची ९५ ते १०५ च्या दरम्यान. तिथे पोचल्यावर चिप जळत नाही; ती स्वतःचा वेग कमी करते. यालाच थ्रॉटलिंग म्हणतात. त्यामुळे तापलेल्या लॅपटॉपचं पहिलं लक्षण बिघाड नसून मंदपणा असतं. अर्ज उघडायला लागणारा वेळ वाढतो, आणि चाळीस मिनिटांत होणारी व्हिडिओ फाइल तासभर घेते.

आता पॅड काय करू शकतो आणि काय करू शकत नाही, ते स्पष्ट होतं. माठातलं पाणी वाऱ्यावर गार होतं, कारण ते पाझरून वाफ होतं. स्टीलच्या कळशीतलं पाणी पंख्याखाली दिवसभर ठेवलं तरी खोलीपेक्षा गार होत नाही. पंखेवाला पॅड ही कळशीची गोष्ट आहे. तो हवा हलवतो, हवा थंड करत नाही. खोली ४२ अंशांची असेल तर पॅड लॅपटॉपला ४२ अंशांचीच हवा देणार. त्याचा फायदा इतकाच की तीच हवा जास्त प्रमाणात आणि योग्य जागी पोचते.

आणि इथेच एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. ॲपल मॅकबुकसाठी वापराचं तापमान १० ते ३५ अंश सांगते. डेल आणि एचपीच्या बहुतेक साध्या लॅपटॉपच्या तपशीलपत्रातही वरची मर्यादा ३५ अंशांचीच असते. म्हणजे एप्रिल-मेमध्ये मराठवाड्यातल्या बहुसंख्य घरांत दुपारी लॅपटॉप चालू करणं म्हणजे तो कंपनीने सांगितलेल्या मर्यादेबाहेर चालवणं आहे. हा प्रश्न चैनीच्या सोयीचा नाही. ज्याची रोजीरोटी आणि परीक्षा या यंत्रावर अवलंबून आहे त्याच्यासाठी तो गंभीर आहे.

बाजारात काय काय मिळतं

पहिला प्रकार पंखा नसलेल्या स्टँडचा. ॲल्युमिनियमचा किंवा प्लास्टिकचा, घडी होणारा, तीनशे ते आठशे रुपयांचा. तो लॅपटॉप तिरका उचलतो, तळाच्या फटी मोकळ्या होतात आणि आतल्या पंख्याला हवा ओढायला जागा मिळते. बहुतेक लॅपटॉपचे रबरी पाय दोन-तीन मिलिमीटरचे असतात, त्यामुळे ही उंची क्षुल्लक वाटली तरी कामाची असते. मागच्या दोन कोपऱ्यांखाली लाकडाचे ठोकळे ठेवले तरी परिणाम तोच.

दुसरा प्रकार सर्वांत जास्त खपतो. जाळीदार पाट, खाली एक ते सहा पंखे, निळे दिवे आणि यूएसबीची वायर. कूलर मास्टर, टार्गस, हॅविट, झेब्रॉनिक्स अशा अनेक नावांनी तो मिळतो. त्याची मर्यादा त्याच्या वायरीतच आहे. साध्या यूएसबी पोर्टमधून अडीच वॉट मिळतात, यूएसबी ३ मधून साडेचार. एवढ्या विजेवर वारा सौम्यच येणार. शिवाय पॅड आणि लॅपटॉप यांच्यात मोकळी फट असल्यामुळे बरीचशी हवा कडांनी निसटून जाते, आत शिरतच नाही. पंखे लॅपटॉपच्या फटींच्या बरोबर खाली आले तर उपयोग होतो. नाही आले तर फक्त तळाचा पत्रा गार लागतो. एकच मोठा पंखा शांत असतो आणि सगळीकडे वारा देतो. छोटे पंखे जास्त आवाज करतात, पण नेमके फटीखाली आले तर मोठ्याला मागे टाकतात.

तिसरा प्रकार गेल्या काही वर्षांत आला आणि त्याने या विषयाचं चित्र बदललं. लानो आणि आयईटीएस या नावांच्या पॅडमध्ये पंख्याऐवजी ब्लोअर असतो आणि कडेने जाड फोमची चौकट असते. लॅपटॉप त्या चौकटीवर दाबून बसतो, त्यामुळे हवेला निसटायला जागा उरत नाही. ती दाबाने तळाच्या फटींतून आत घुसते. याला वेगळा अडॅप्टर लागतो, किंमत हजारांत जाते आणि पूर्ण वेगात आवाज एवढा येतो की शेजारी बसून बोलणं अवघड होतं.

चौथा प्रकार लॅपटॉपच्या कडेला, गरम हवा बाहेर पडते त्या फटीला लावायचा. तो हवा ओढून घेतो. लॅपटॉपची बाहेर पडायची फट कडेला एकाच जागी असेल तरच तो नीट बसतो. आजच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये ती बिजागरीमागे असते, म्हणून याचा उपयोग मोजक्याच मॉडेलना होतो.

पाचवा पेल्टियरचा. विजेवर एक बाजू थंड आणि दुसरी गरम करणारी ही चकती खरोखर खोलीपेक्षा गार होऊ शकते. पण ती जितकी उष्णता उचलते त्याहून जास्त स्वतः तयार करते आणि वीजही भरपूर खाते. पावसाळ्यात तर ती धोक्याची. २८ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असलेल्या हवेत २४ अंशांवरच दव पडतं. म्हणजे जुलैत पीकविम्याचे अर्ज भरताना चकती २० अंशांवर असेल तर लॅपटॉपच्या तळाशी पाणी जमू शकतं. लॅपटॉपसाठी ही वाट धरू नये.

सहावा प्रकार जेल किंवा क्षार भरलेल्या गादीचा. क्षार वितळताना उष्णता शोषतो, ही कल्पना चांगली आहे. पण या कामासाठी ओळखला जाणारा ग्लॉबर क्षार ३२.४ अंशांवर वितळतो. आपल्याकडे मे महिन्यात तो लॅपटॉप ठेवण्याआधीच वितळलेला असणार. थंड देशात चालणारी वस्तू आपल्याकडे का चालत नाही, याचं याहून स्वच्छ उदाहरण सापडणार नाही.

परीक्षणांतून काय हाती लागतं

स्वतंत्र परीक्षणांचा एकत्रित सूर असा आहे: नुसतं उचलल्याने दोन-पाच अंश कमी होतात, साध्या पंखेवाल्या पॅडने त्यात थोडी भर पडते, आणि फोमने बंद केलेल्या ब्लोअर पॅडने दहा अंशांहून जास्त फरक पडू शकतो. प्रत्येक लॅपटॉपची फटींची रचना वेगळी असल्यामुळे आकडे बदलतात, पण हा क्रम सहसा बदलत नाही. साध्या पॅडचा जो फायदा जाहिरातीत पंख्याला दिला जातो, त्यातला मोठा वाटा उंचीचा असतो. म्हणून ज्या परीक्षणात पॅडची तुलना सपाट टेबलाशी केली आहे पण नुसत्या स्टँडशी केलेली नाही, ते अर्धवट समजावं.

दुसरी गफलत आकड्यांच्या वाचनात होते. शक्तिशाली लॅपटॉप पूर्ण कामाला लावला की तो पॅडशिवायही ९५ अंशांवर असतो आणि पॅडवरही ९५ वरच राहतो. अंश पाहणारा म्हणतो, पॅडने काही केलं नाही. पण पॅडवर त्याच तापमानाला चिप जास्त वेगाने धावत असते, कारण मिळालेली सवलत ती वेगासाठी वापरते. म्हणून खरं माप घड्याळात दिसतं: तेच काम किती मिनिटांत झालं.

याचं गाजलेलं उदाहरण जुलै २०१८ मधलं. ॲपलने नवा कोअर आय-नाइन प्रोसेसरचा मॅकबुक प्रो आणला. डेव्ह ली या यूट्यूबरने त्यावर व्हिडिओ फाइल तयार करायला लावली, तेव्हा सुमारे ४० मिनिटं लागली. तोच लॅपटॉप फ्रीझरमध्ये ठेवून तेच काम केलं तर सुमारे २७ मिनिटांत झालं. पुढे २४ जुलैला ॲपलने सॉफ्टवेअरमधली चूक मान्य करून दुरुस्ती दिली आणि वेग बराच सुधारला. या एका प्रसंगातून दोन धडे मिळतात. भोवतालची हवा कामाचा वेळ किती बदलू शकते, हा एक. आणि मंदपणाचं कारण कधी कधी सॉफ्टवेअरमध्ये असतं, पॅड घेऊन ते सुटत नाही, हा दुसरा. फ्रीझरचा प्रयोग मात्र कोणी घरी करू नये. बाहेर काढताच आत दव जमतं.

शरीराच्या बाजूनेही संशोधन झालं आहे. न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या स्टोनी ब्रुक इथल्या येफिम शेयनकिन यांच्या गटाने २००५ मध्ये २९ निरोगी तरुणांवर अभ्यास प्रसिद्ध केला. तासभर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसल्यावर अंडकोषाचं तापमान अडीच अंशांहून जास्त वाढलं, आणि त्यातला मोठा भाग केवळ मांड्या जवळ घेऊन बसण्यामुळे होता. पुढच्या अभ्यासात त्यांनी लॅपटॉपखाली मांडीवर ठेवायचा साधा पॅड ठेवून पाहिला. एक अंश वाढ व्हायला पॅडशिवाय ११ मिनिटं लागली, पॅडसह १४, आणि पाय फाकवून बसल्यावर २८. पॅडने फार काही वाचवलं नाही. २०१० मध्ये बाझल इथल्या डॉक्टरांनी बारा वर्षांच्या एका मुलाची नोंद प्रसिद्ध केली. रोज काही तास मांडीवर लॅपटॉप घेऊन खेळल्याने त्याच्या मांडीच्या त्वचेवर जाळीसारखे डाग पडले होते. यातून निष्कर्ष सोपा निघतो: शरीर वाचवायचं असेल तर लॅपटॉप मांडीवरून खाली ठेवा. जमिनीवर बसून काम करणाऱ्यांसाठी घरातला चौरंग यापेक्षा चांगली जागा नाही.

आपल्या खोलीत काय बदलतं

आपल्याकडे उष्णतेच्या जोडीला धूळ आहे. उन्हाळ्यात काळ्या मातीचा फुफाटा उडतो. ऑक्टोबरात सोयाबीनची मळणी सुरू झाली की भुसकट हवेत असतं. हळद शिजवून, वाळवून पॉलिश करताना पिवळी धूळ उठते. कापसाचे तंतू तर पात्यांच्या जाळीत जाऊन नमद्यासारखा थर करतात. हा थर बसला की आतला पंखा कितीही जोरात फिरला तरी हवा पुढे जात नाही. अशा लॅपटॉपखाली पॅड ठेवणं म्हणजे बंद दारावर जास्त वारा सोडणं. उलट पॅड जितका जोरकस, तितकी जास्त धूळ आत ढकलली जाते. काही ब्लोअर पॅडना धुळीची जाळी असते. आपल्याकडे ती नसलेला पॅड घेऊच नये आणि असलेली दर आठवड्याला झटकावी.

साफसफाई हाच इथला पहिला कूलिंग पॅड आहे. मळणीनंतर एकदा आणि उन्हाळ्याआधी एकदा, असं वर्षातून दोनदा तळ उघडून पंखा आणि जाळी साफ करून घ्यावी. हवेचा फवारा मारताना पंख्याची पाती काडीने अडवून धरावीत, नाहीतर ती वेडीवाकडी फिरून बेअरिंग खराब होतं. दोन-तीन वर्षांनी चिपवरची थर्मल पेस्ट वाळते. तीही बदलून घ्यावी. जिल्ह्याच्या गावी दुरुस्तीवाले हे काम काहीशे रुपयांत करतात. जुन्या, धूळ भरलेल्या लॅपटॉपमध्ये या एका कामाने कुठल्याही साध्या पॅडपेक्षा जास्त फरक पडतो.

दुसरी बाब खोलीची. कोरड्या एप्रिल-मेमध्ये पाण्याचा कूलर खोली आठ-दहा अंशांनी खाली आणू शकतो. वर सांगितल्याप्रमाणे खोली जितकी उतरते तितकीच चिपही उतरते. म्हणजे ज्या घरात कूलर आधीच आहे तिथे कूलर असलेल्या खोलीत बसणं हेच साध्या पॅडपेक्षा मोठं काम आहे. फक्त कूलरच्या झोतात लॅपटॉप ठेवू नये. झोताबरोबर येणारे पाण्याचे बारीक कण आणि त्यातले क्षार आतल्या सर्किट बोर्डवर बसतात. साधा टेबल फॅन उचललेल्या लॅपटॉपच्या मागे-खाली वारा मारेल असा ठेवला तरी अडीच वॉटच्या यूएसबी पंख्यांहून तो कितीतरी जास्त हवा देतो.

तिसरी बाब विजेची. भारनियमनात लॅपटॉप बॅटरीवर असतो आणि पॅड त्याच बॅटरीतून वीज घेतो. ५० वॉट-तासांची बॅटरी आणि १२ वॉटचं साधं काम धरलं तर लॅपटॉप चार तासांहून थोडा जास्त चालतो. त्यात पॅडचे अडीच वॉट मिळवले की सुमारे पाऊण तास कमी होतो. ज्याला वीज येईपर्यंत अर्ज पूर्ण करायचा आहे त्याच्यासाठी हा पाऊण तास मोलाचा असतो.

बॅटरीचा हिशेब

उष्णतेचा कायमचा घाव चिपवर नव्हे, बॅटरीवर बसतो. कॅनडातल्या कॅडेक्स कंपनीचे संस्थापक इसिडोर बुखमन यांनी दिलेला तक्ता या क्षेत्रात सतत वापरला जातो. त्यानुसार लिथियम बॅटरी पूर्ण भरून वर्षभर २५ अंशांवर ठेवली तर तिची सुमारे ८० टक्के क्षमता उरते, ४० अंशांवर ठेवली तर ६५ टक्के. हीच बॅटरी ४० टक्केच भरलेली ठेवली तर ४० अंशांवरही ८५ टक्के उरते. म्हणजे आपल्या उन्हाळ्यात बॅटरी किती भरून ठेवतो, हे फार महत्त्वाचं. सेवा केंद्रात दिवसभर चार्जर लावलेला लॅपटॉप शंभर टक्क्यांवर तापत बसतो. लेनोव्हो, असूस, डेल, एचपी यांच्या अनेक मॉडेलमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांच्या आसपास थांबवण्याची सोय असते. ती चालू करायला एक रुपयाही लागत नाही. बॅटरी फुगलेली दिसली, तळ उचलला गेला किंवा टचपॅड वर आलं, तर मात्र वापर लगेच थांबवावा. तिथे कोणताही पॅड उपयोगाचा नाही.

स्वतः चाचणी कशी घ्यावी

दुसऱ्याच्या २१ अंशांच्या खोलीवर विसंबण्यापेक्षा आपल्या खोलीत चाचणी घेणं अवघड नाही. एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्प हे मोफत प्रोग्राम चिपचं तापमान आणि वेग दोन्ही दाखवतात. सिनेबेंच हा मोफत प्रोग्राम दहा मिनिटं प्रोसेसरला पूर्ण कामाला लावतो आणि शेवटी गुण देतो. शेजारी भिंतीवरचा साधा तापमापक असू द्यावा. चार्जर लावलेला ठेवावा, विजेचं सेटिंग बदलू नये, आणि दोन फेऱ्यांमध्ये लॅपटॉपला निवायला वेळ द्यावा.

एकाच दुपारी तीन फेऱ्या घ्याव्यात: सपाट टेबलावर, मागून उचलून, आणि पॅडवर. प्रत्येक वेळी खोलीचं तापमान, चिपचं कमाल तापमान, तिचा सरासरी वेग आणि मिळालेले गुण लिहून ठेवावेत. फोटोग्राफरने सिनेबेंचऐवजी स्वतःची पाच मिनिटांची लग्नाची क्लिप तयार करायला लावून मिनिटं मोजली तर आणखी चांगलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीत फरक नसेल तर पॅड परत करावा; ऑनलाइन खरेदीत परतीची मुदत पाहूनच मागवावा. विकत घेण्याआधी लॅपटॉप उलटा करून पाहावा. तळाला फटी नसतील, तर फोमचा महागडा पॅड निरुपयोगी आहे. फटी असतील तर त्यांची जागा आणि पॅडच्या पंख्यांची जागा जुळते का, तेही पाहावं.

एक मोफत उपायही याच चाचणीत घालावा. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल स्थिती १०० ऐवजी ९९ टक्के केली की बऱ्याच लॅपटॉपमध्ये टर्बो, म्हणजे गरजेला वेग वाढवण्याची सोय, बंद होतो. वेग थोडा कमी होतो, पण तापमान झपाट्याने उतरतं. अर्ज भरण्यासाठी आणि व्याख्यानं बघण्यासाठी टर्बोची गरज नसते.

कोणी घ्यावा, कोणी घेऊ नये

सेवा केंद्रचालक, तलाठी, शिक्षक आणि विद्यार्थी यांचं काम १५ वॉटच्या साध्या लॅपटॉपवर चालतं. त्यांना पंखेवाल्या पॅडची गरज नाही. स्वच्छ केलेला लॅपटॉप, तीनशे रुपयांचा स्टँड, ९९ टक्क्यांचं सेटिंग आणि ८० टक्क्यांवर थांबणारी बॅटरी एवढं पुरेसं आहे. तरीही लॅपटॉप मंद असेल तर कारण बहुधा जुनी हार्ड डिस्क किंवा चार जीबी मेमरी असते. ते पैसे पॅडवर घालण्याऐवजी एसएसडीवर घालावेत. फरक पहिल्याच दिवशी दिसेल. गादीवर, गोधडीवर किंवा सतरंजीवर ठेवून वापरण्याची सवय मात्र सोडावी, कारण कापड तळाच्या फटी पूर्ण बुजवतं.

व्हिडिओ जुळणी, त्रिमितीय चित्रं किंवा गेमिंग करणाऱ्यांकडे शंभर वॉटच्या वर जाणारा लॅपटॉप असतो. त्यांच्यासाठी फोमने बंद केलेला, धुळीची जाळी असलेला ब्लोअर पॅड हा एकच प्रकार पैशाला न्याय देतो, तोही साफसफाई झाल्यावर. मोठ्या फाइली रात्री किंवा पहाटे लावल्या तर त्याशिवायही बराच वेळ वाचतो, कारण मे महिन्यातसुद्धा पहाटेची हवा दुपारपेक्षा दहा-पंधरा अंशांनी खाली असते. ज्यांचं काम एकाच जागी चालतं त्यांनी पुढच्या खरेदीला डेस्कटॉपचा विचार करावा. तेवढ्याच पैशांत तो जास्त काम करतो, मोठ्या पंख्यांमुळे कमी तापतो आणि घरच्या घरी साफ होतो.

मॅकबुक एअरसारख्या पंखा नसलेल्या लॅपटॉपचं धातूचं अंगच उष्णता सोडतं. तिथे उचललेलं अंग आणि त्यावर हलकासा वारा यांचा सलग कामात उपयोग होतो. साधा, शांत पॅड चालेल.

या सगळ्याचा गोषवारा एका क्रमात मांडता येतो: आधी धूळ, मग उंची, मग सेटिंग, मग खोली आणि वेळ, आणि शेवटी पॅड. पहिली तीन कामं थोडक्या खर्चात होतात, आणि पुसेगावसारख्या गावात निम्म्याहून जास्त फायदा तिथेच मिळतो, असं माझं ठाम मत आहे. पाचशे-हजार रुपयांचा चकचकीत पॅड हा बहुतेकांसाठी महाग स्टँडच ठरतो.

आता विनंती. मराठीत लॅपटॉपची परीक्षणं करणाऱ्यांनी वर्षातली एक तरी चाचणी मे महिन्यात, वातानुकूलन बंद करून घ्यावी आणि खोलीचं तापमान सांगावं. जिल्हा परिषदेच्या शाळा, ग्रामपंचायती आणि महसूल खात्याने लॅपटॉप खरेदी करताना वापराचं कमाल तापमान विचारावं आणि ४० अंशांवर काम करणाऱ्या यंत्राला पसंती द्यावी. आणि वाचकांनी पॅड मागवण्याआधी एक काम करावं: लॅपटॉप उलटा करून तळाच्या फटी बघाव्यात, त्यांत किती धूळ साचली आहे ते पाहावं आणि ती साफ करून घ्यावी.